मुलांचा मोबाइल तपासावा का? ऑनलाइन सुरक्षितता, खासगीपणा आणि विश्वास यांचा मेळ कसा घालायचा

हिंजवडीतल्या एखाद्या सोसायटीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप असो, नाहीतर पौडच्या शाळेतली पालकसभा, मुलांच्या मोबाइलचा विषय निघाला की हमखास दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं असतं, "मूल आपलं, फोन आपण घेऊन दिलेला, रिचार्जही आपणच मारतो. मग तपासला तर बिघडलं कुठे?" दुसरी बाजू म्हणते, "मुलं मोठी झाली आता. सारखं मागे लागलं तर ती जास्तच लपवतात." दोघांनाही काळजी मुलांचीच असते.

थोडक्यात उत्तर असं आहे. लहान वयात मुलाला सांगून, उघडपणे देखरेख ठेवावी. वय वाढेल तशी ती कमी करत न्यावी. चोरून पाळत मात्र कोणत्याही वयात टाळावी. मुलाच्या जिवाला किंवा शरीराला धोका असल्याचा ठोस संशय आला, तरच याला अपवाद करावा. असं का, तर ऑनलाइन जगात काही वाईट घडलं की मूल सगळ्यात आधी कोणाकडे जातं, यावर पुढचं बरंच काही ठरतं. ते तुमच्याकडे आलं तर बहुतेक प्रकरणं लवकर आवरता येतात. ते तुमच्यापासूनच लपवू लागलं, तर कोणतंही अ‍ॅप पुरेसं पडत नाही.

हे सगळं प्रत्यक्षात कसं जमवायचं, कायदा काय सांगतो आणि वेळ आलीच तर कुठे जायचं, ते एकेक करून पाहू.

एकच तालुका, दोन तऱ्हेची घरं

मुळशी तालुक्याचं उदाहरण घेऊ. एका टोकाला हिंजवडी-माणचं आयटी पार्क आहे. तिथल्या घरांत माणशी एक फोन, लॅपटॉप आणि चोवीस तास वायफाय असतं. दुसऱ्या टोकाला धरणाच्या पलीकडची, ताम्हिणीच्या बाजूची गावं आणि वाड्या आहेत. तिथे अनेक घरांत एकच स्मार्टफोन असतो. सकाळी तो वडिलांबरोबर कामावर जातो आणि संध्याकाळी मुलांच्या हाती येतो.

या दोन घरांतले प्रश्न वेगळे आहेत. पहिल्या घरात मूल खोलीचं दार लावून काय पाहतं, याची चिंता असते. दुसऱ्या घरात फोन सगळ्यांचा असल्यामुळे मुलाला खासगी असं काहीच नसतं. शिवाय मोठ्यांच्या ग्रुपमध्ये येणारे अश्लील किंवा हिंसक व्हिडिओही मुलांच्या नजरेसमोर येतात. एका घरात देखरेख कमी पडते, दुसऱ्या घरात मोठ्यांचा फोनच मुलासाठी धोक्याचा ठरू शकतो.

ग्रामीण भारताचं चित्र 'असर २०२४' या सर्वेक्षणात दिसतं. 'प्रथम' संस्थेच्या या पाहणीनुसार १४ ते १६ वयोगटातल्या सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासासाठी वापरला होता आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडियासाठी. सोशल मीडिया वापरणाऱ्यांपैकी ६२ टक्के मुलांना एखादं प्रोफाइल ब्लॉक किंवा रिपोर्ट कसं करायचं हे माहीत होतं. आपलं प्रोफाइल प्रायव्हेट कसं ठेवायचं हे मात्र ५५ टक्के मुलांनाच माहीत होतं. म्हणजे फोन चालवणं बहुतेकांना जमतं, पण स्वतःला जपणं जवळपास निम्म्या मुलांना अजून कोणी शिकवलेलं नाही.

याच पाहणीतली आणखी एक गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलग्यांपैकी सुमारे ३६ टक्क्यांकडे स्वतःचा फोन होता. मुलींमध्ये हेच प्रमाण सुमारे २७ टक्के होतं. या फरकाचा सुरक्षिततेशी थेट संबंध आहे. तो पुढे येईलच.

धोका नेमका कुठून येतो?

पालकांना वाटणारे धोके आणि मुलांसमोर प्रत्यक्ष येणारे धोके नेहमी सारखे नसतात. ढोबळमानाने त्यांचे चार प्रकार पडतात.

पहिला प्रकार अनोळखी माणसाचा. समवयस्क असल्याचं भासवून तो मैत्री करतो. आधी कौतुक करतो, मग "घरी सांगू नकोस" म्हणतो, मग फोटो मागतो.

दुसरा प्रकार ओळखीच्यांचा. वर्गाच्या ग्रुपमध्ये चिडवणं, कोणाचा तरी लपून काढलेला फोटो फिरवणं, स्टिकर बनवणं, ठरवून एखाद्याला ग्रुपमधून काढून टाकणं. मोठ्यांना हे किरकोळ वाटतं. पण दुसऱ्या दिवशी त्याच वर्गात, त्याच बाकावर जाऊन बसायचं असतं, त्या मुलाला ते किरकोळ वाटत नाही.

तिसरा प्रकार पैशांचा. गेममधली खरेदी, बक्षिसाची लिंक, आईच्या फोनवर आलेला ओटीपी.

चौथा प्रकार अलीकडे वाढलेला. फोटो वापरून धमकावणं. यात मुलाने स्वतः फोटो पाठवलेला असेलच असं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या डीपीवरून किंवा शाळेच्या कार्यक्रमाच्या फोटोवरून एआयच्या मदतीने नग्न फोटो तयार करता येतो. मग धमकी येते, "पैसे दे, नाहीतर हे तुझ्या घरच्यांना पाठवतो."

या शेवटच्या वाक्याकडे नीट पाहा. धमकावणाऱ्याच्या हातातलं खरं हत्यार फोटो नसतो. घरच्यांना कळेल, ही भीती त्याचं हत्यार असतं. ज्या मुलाला खात्री असते की बाबा ओरडतील पण पाठीशी उभे राहतील, त्याच्यावर ही धमकी फारशी चालत नाही. ज्याला वाटतं की आपली धडगत नाही, ते मूल पैसे देतं, आणखी फोटो पाठवतं, एकट्यानेच कुढत राहतं. कधीकधी त्याचा शेवट फार वाईट होतो.

मुलींच्या बाबतीत ही भीती दुप्पट असते. एखाद्या मुलाने घाणेरडा मेसेज पाठवला असं मुलीने घरी सांगितलं, तर अनेक घरांत पहिली कारवाई तिच्यावरच होते. फोन काढून घेतला जातो. कधी क्लास बंद होतो, कधी कॉलेज, कधी लग्नाच्या गोष्टी सुरू होतात. त्रास देणारा मोकळा राहतो आणि सांगणारीला शिक्षा होते. हे एकदा घडलं की ती पुन्हा काही सांगत नाही. तिची धाकटी बहीणही त्यातून धडा घेते.

चोरून पाळत ठेवली तर काय होतं?

मुलांच्या फोनमध्ये गुपचूप बसवायची अ‍ॅप बाजारात मिळतात. सगळे मेसेज, फोटो, कॉल पालकांना दिसतील, असं सांगून ती विकली जातात. ती घेण्याआधी तीन गोष्टींचा विचार करा.

एक, मुलांना ते बहुतेकदा कळतं. मग दुसरं अकाउंट निघतं, मित्राचा फोन वापरला जातो, मेसेज वाचून लगेच पुसले जातात. तुम्हाला जे दिसतं, ते मुलाने तुमच्यासाठी मांडून ठेवलेलं असतं. देखरेख चालू आहे असं तुम्हाला वाटत राहतं आणि खरं आयुष्य दुसरीकडे सरकतं.

दोन, मुलाचे फोटो, चॅट, ठावठिकाणा हे सगळं त्या अ‍ॅप चालवणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं. परक्यांपासून जपण्यासाठी मुलाची सगळी माहिती आणखी एका परक्याच्या हाती द्यायची, असा हा व्यवहार आहे. अशा अ‍ॅपमधून माहिती फुटल्याची उदाहरणं जगभर घडलेली आहेत.

तीन, चोरून वाचलेलं तुम्ही वापरणार कसं? मुलीच्या चॅटमध्ये काही खटकलं तर तिला विचारताना "मला कसं कळलं" हे लपवावं लागतं, नाहीतर भांडणाचा विषय पाळत हाच होऊन बसतो. मूळ प्रश्न बाजूलाच राहतो.

याचा अर्थ देखरेख करूच नये असा नाही. दहा वर्षांच्या मुलाला पूर्ण मोकळा फोन देणं हे गजबजलेल्या चांदणी चौकात त्याचा हात सोडून देण्यासारखं आहे. पण हात धरलेला मुलाला कळत असतो. लपून मागे चालणं ही वेगळी गोष्ट आहे.

खासगीपणा मुलांचाही हक्क आहे का?

हो. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतल्या कलम १६ ने मुलांना खासगीपणाचा हक्क दिला आहे. भारताने ही संहिता डिसेंबर १९९२ मध्ये स्वीकारली. याच संहितेच्या कलम ५ मध्ये पालकांच्या मार्गदर्शनाचा अधिकारही मान्य केला आहे. त्याला एक जोड आहे, की ते मार्गदर्शन मुलाच्या वाढत्या समजेला साजेसं असावं. २०२१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क समितीने डिजिटल जगाबद्दल स्वतंत्र टिपण काढलं. पालकांची देखरेख धोक्याच्या प्रमाणात असावी आणि मुलाच्या वाढत्या क्षमतेनुसार बदलावी, असं त्यात म्हटलं आहे.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. त्यातल्या आपल्या स्वतंत्र निकालपत्रात न्यायमूर्ती संजय किशन कौल यांनी मुलांचाही विचार केला आहे. मुलांच्या ऑनलाइन खुणा कायम राहतात आणि बालवयातल्या चुकांचे परिणाम त्यांना आयुष्यभर भोगावे लागू नयेत, असा त्याचा आशय आहे.

'डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, २०२३' हा कंपन्यांना लागू होणारा कायदा आहे. त्याच्या कलम ९ नुसार १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी लागेल. मुलांच्या वागण्याचा माग काढणं आणि त्यांना लक्ष्य करून जाहिराती दाखवणं यालाही मनाई आहे. नियम मोडल्यास २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून कंपन्यांना तयारीसाठी १८ महिन्यांची मुदत दिली आहे.

हा कायदा पालकांनी मुलाचा फोन पाहण्यावर बंदी घालत नाही. मुलाच्या वतीने 'होय' म्हणण्याचा अधिकार मात्र तो पालकांना देतो. म्हणजे कोणत्या अ‍ॅपला मुलाची कोणती माहिती द्यायची, हे वाचून ठरवण्याची जबाबदारीही पालकांवर येते.

कोणत्या वयात किती देखरेख?

मुलं सारखी नसतात. त्यामुळे खालचे टप्पे अंदाजासाठी समजा.

दहा वर्षांपर्यंत: स्वतःचा फोन नको. घरातला फोन मोठ्यांच्या समोर बसून वापरावा. एकच फोन असेल तर अँड्रॉइडमधली 'अ‍ॅप पिनिंग' सोय चालू करा. मग मुलाला तुम्ही उघडून दिलेल्या अ‍ॅपमधून सहज बाहेर जाता येत नाही. मोठ्यांच्या ग्रुपवर येणारे व्हिडिओ आपोआप गॅलरीत साठणार नाहीत, अशी व्हॉट्सअ‍ॅपची सेटिंग करून ठेवा.

दहा ते तेरा: अ‍ॅप तुमच्या परवानगीनेच घ्यायचं. पासवर्ड तुम्हाला माहीत असेल आणि तो तुम्हाला माहीत आहे हे मुलालाही माहीत असेल. व्हॉट्सअ‍ॅप आणि इन्स्टाग्राम या दोन्हींची किमान वयोमर्यादा त्यांच्या नियमांनुसार १३ वर्षं आहे. शाळेचे निरोप ग्रुपवर येत असतील तर ते पालकांच्या नंबरवर घ्या.

तेरा ते सोळा: इथे मेसेज वाचणं थांबवा आणि सेटिंगकडे लक्ष द्या. अकाउंट प्रायव्हेट आहे का, अनोळखी माणूस मेसेज करू शकतो का, ग्रुपमध्ये कोणीही ओढू शकतं का, लोकेशन कोणाकोणाला दिसतं, हे महिन्यातून एकदा मुलाबरोबर बसून पाहा. रात्री सगळ्यांचे फोन स्वयंपाकघरात किंवा बाहेरच्या खोलीत चार्जिंगला लावा. तुमचाही.

सोळा ते अठरा: मुलगा किंवा मुलगी दोन वर्षांत पूर्ण स्वतंत्र होणार आहे. पुण्यात हॉस्टेलवर राहायला गेल्यावर फोन तपासायला तुम्ही तिथे नसणार. त्यामुळे या वयात नियम त्यांनी सुचवावेत आणि तुम्ही त्यावर बोलावं. अडचण आली तर हाक मारायची, एवढी एक अट पक्की ठेवा.

पालकांसाठीची साधनं काय दाखवतात?

मोठ्या कंपन्यांची देखरेखीची साधनं बहुधा एका ठिकाणी रेघ ओढतात. किती वेळ, कोणतं अ‍ॅप, कोणाशी संपर्क, हे ती पालकांना सांगतात. आत काय लिहिलं ते दाखवत नाहीत.

गूगलच्या 'फॅमिली लिंक'मध्ये अ‍ॅपला परवानगी देणं, वेळेची मर्यादा घालणं आणि फोनचं ठिकाण पाहणं शक्य आहे. चॅट वाचता येत नाहीत. इन्स्टाग्रामने 'टीन अकाउंट' सप्टेंबर २०२४ मध्ये आणलं आणि भारतात ते २०२५ च्या सुरुवातीला आलं. त्यात किशोरांचं अकाउंट आपोआप प्रायव्हेट होतं. अनोळखी लोक मेसेज करू शकत नाहीत. सोळा वर्षांखालच्या मुलांना ही बंधनं सैल करायला पालकांची परवानगी लागते. पालकांनी देखरेख चालू केली तर गेल्या सात दिवसांत मूल कोणाकोणाशी बोललं ते दिसतं, काय बोललं ते दिसत नाही.

घरातही हीच रेघ उपयोगी पडते. मुलगी मैत्रिणीकडे गेली तर कोणाकडे गेली आणि कधी परत येणार, हे आपण विचारतोच. तिथे दोघी काय बोलल्या याचा अहवाल मागत नाही.

या सगळ्या सोयी वय खरं टाकलं तरच चालतात. अकाउंट उघडताना जन्मसाल १९९५ टाकलं असेल, तर इन्स्टाग्रामच्या लेखी ते मूल तिशीतलं आहे. त्यामुळे पहिलं अकाउंट मुलाबरोबर बसून, खऱ्या जन्मतारखेने उघडा.

मेसेज वाचावेच लागतील अशी वेळ कोणती?

मूल अचानक जेवण तोडतं, शाळेत जायला नकार देतं, फोन वाजला की दचकतं. घरातून पैसे जातात. स्वतःला इजा केल्याच्या खुणा दिसतात. कोणी अनोळखी माणूस भेटायला बोलावत असल्याचा सुगावा लागतो. अशा वेळी खासगीपणा मागे पडतो आणि जीव पुढे येतो.

तेव्हाही शक्य असेल तर आधी सांगा, "मला तुझी काळजी वाटते. आज आपण दोघं मिळून फोन पाहू." नकार मिळाला आणि धोका मोठा वाटला तर पाहा. पण पाहिल्याचं लपवू नका. जेवढं धोक्याशी संबंधित आहे तेवढंच पाहा. मैत्रिणीबरोबरच्या गप्पा, कोणाबद्दल वाटणारं आकर्षण, तुमच्याविषयी केलेली कुरकूर नजरेस पडली तरी ती बाहेर काढू नका, नातेवाइकांत तर मुळीच नाही.

गावांनी काढलेले मार्ग

महाराष्ट्रातल्या दोन गावांनी २०२२ मध्ये दोन वेगळ्या वाटा धरल्या. सांगली जिल्ह्यातल्या कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावमध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला. साडेआठपर्यंत टीव्ही आणि मोबाइल बंद. हा नियम मुलांपुरता नव्हता, मोठ्यांनाही तोच होता. मुलांनी त्या वेळात अभ्यास करावा यासाठी अंगणवाडी सेविका, आशा, ग्रामपंचायत कर्मचारी आणि निवृत्त शिक्षक घरोघर फिरले.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी गावाने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ग्रामसभेत ठराव करून १८ वर्षांखालच्या मुलांच्या मोबाइल वापरावरच बंदी घातली.

दोन्ही गावांची तळमळ एकच होती. पण दोन्ही उपायांत मोठा फरक आहे. भोंगा ठरावीक वेळेपुरता होता आणि सगळ्यांना सारखा लागू होता. कोणी कोणाचा फोन उघडून पाहत नव्हतं. सरसकट बंदी मात्र फक्त मुलांना लागू होते. बंदी असताना चोरून फोन वापरणाऱ्या मुलाला कोणी त्रास दिला, तर मदत मागण्याआधी त्याला नियम मोडल्याची कबुली द्यावी लागते. जगातही हा वाद चालू आहे. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना प्रमुख सोशल मीडियावर अकाउंट ठेवण्यास बंदी केली. पण तिथे दंडाची जबाबदारी कंपन्यांवर टाकली आहे, मुलांवर किंवा पालकांवर नाही.

घरात नियम करताना हा फरक ध्यानात ठेवा. नियम मोडला तरी मदत मिळेल, हे मुलाला आधीच माहीत असायला हवं.

काही घडलंच तर पहिल्या तासात काय करायचं?

सगळ्यात आधी एवढंच म्हणा, "सांगितलंस ते बरं केलंस." चूक कोणाची, याची चर्चा नंतर करता येते. फोन हिसकावून घेऊ नका.

पैसे देऊ नका. एकदा दिले की मागणी वाढते. समोरच्याशी वाद घालू नका.

पुरावा जपा. प्रोफाइलचं नाव, लिंक, नंबर, धमकीचे मेसेज, वेळ यांचे स्क्रीनशॉट घ्या आणि मग ब्लॉक करा. मात्र मुलाचा नग्न किंवा अश्लील फोटो असेल तर तो कोणालाही पुढे पाठवू नका, पुरावा म्हणून नातेवाइकाला किंवा शिक्षकांनासुद्धा नाही. असा मजकूर पसरवणं आणि जवळ बाळगणं हा पॉक्सो कायदा आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६७ ब यांखाली गुन्हा ठरू शकतो. सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ च्या निकालात ही बाब आणखी कडक केली आहे. तो फोन तसाच जपून पोलिसांना दाखवा.

संपर्क लक्षात ठेवा. १०९८ ही मुलांसाठीची चोवीस तासांची मोफत हेल्पलाइन आहे. मूल स्वतःही फोन करू शकतं. पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर कळवा. केंद्राच्या राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर मुलांच्या लैंगिक शोषणाच्या मजकुराची तक्रार नाव न देताही करता येते. मुलाचा फोटो पसरण्याची भीती असेल तर अमेरिकेतल्या एनसीएमईसी संस्थेची 'टेक इट डाउन' ही मोफत सेवा आहे. त्यात फोटो अपलोड करावा लागत नाही. तुमच्याच फोनवर त्या फोटोचा एक आकडी ठसा तयार होतो. फक्त तो ठसा सहभागी कंपन्यांना जातो आणि त्यावरून त्या तो फोटो शोधून काढून टाकतात.

पोलिसांकडे जाताना हद्दीचा प्रश्न मनात येतो. मुळशीत तो खराच आहे. पौड पोलीस ठाणं पुणे ग्रामीण पोलिसांकडे आहे, तर हिंजवडीचं ठाणं पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाकडे. पण गंभीर गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता कोणत्याही ठाण्यात देता येते. याला 'झिरो एफआयआर' म्हणतात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये ही तरतूद आहे.

मुलाच्या खासगीपणाची काळजी कायदाही घेतो. पॉक्सोनुसार मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो. शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता. मुलाला रात्री पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. माध्यमांना त्याची ओळख उघड करता येत नाही. तेव्हा गावाच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर मुलाचं नाव, शाळा, फोटो टाकून "न्याय मिळवून द्या" असं आवाहन करू नका. हेतू चांगला असला तरी नुकसान त्या मुलाचंच होतं.

आणि पालकांचा फोन?

मुलाच्या खासगीपणावर पहिलं अतिक्रमण अनेकदा घरातूनच होतं. आंघोळ घालतानाचा गमतीदार व्हिडिओ, नापास झाल्यावर रडणारा चेहरा, शाळेच्या गणवेशातला फोटो, सोबत शाळेचं नाव आणि वाढदिवसाची तारीख. हे सगळं आपण कौतुकाने स्टेटसला ठेवतो. अनोळखी माणसाला मुलाशी ओळख वाढवायला यातली माहिती पुरते.

सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला फोटो टाकण्याआधी विचारा, "हा टाकू का?" नाही म्हणालं तर टाकू नका. आपलं 'नाही' घरात ऐकलं जातं हे ज्याला ठाऊक असतं, ते मूल बाहेरच्या माणसालाही 'नाही' म्हणायला शिकतं.

घरचा करार

शेवटी हे सगळं एका कागदावर उतरवा आणि फ्रिजवर किंवा कपाटाच्या दाराला चिकटवा. मुलाकडून लिहून घ्या, म्हणजे शब्द त्याचे राहतील. नमुना असा:

१. रात्री दहानंतर घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत.
२. नवीन अ‍ॅप घेण्याआधी एकमेकांना सांगायचं.
३. खरी जन्मतारीख, प्रायव्हेट अकाउंट, अनोळखी रिक्वेस्ट बंद.
४. आई-बाबा न सांगता मेसेज वाचणार नाहीत. जिवाला धोका वाटला तर वाचतील आणि तसं सांगतील.
५. न विचारता कोणीही कोणाचा फोटो टाकणार नाही.
६. काहीही झालं, चूक माझी असली तरी, मी घरी सांगेन. सांगितल्याबद्दल फोन काढून घेतला जाणार नाही.

दर सहा महिन्यांनी हा कागद बदला. मूल मोठं होत असतं, तसे नियमही सैल व्हायला हवेत. सहावा नियम मात्र तसाच राहू द्या. पहिल्यांदा तो पाळायची वेळ येईल तेव्हा राग येईल, हात फोनकडे जाईल. त्या वेळी कागदाकडे एकदा पाहा.